गव्हाणीशेजारच्या फलकासाठी मजकूर तपासून हवा : 'देव माणूस झाला' हे थोडक्यात पण बिनचूक कसे लिहावे?

खाजणकाठ

नमस्कार मंडळी. वसई पट्ट्यातल्या आमच्या कॅथलिक धर्मग्रामात नाताळच्या गव्हाणीशेजारी (येशूजन्माच्या देखाव्याशेजारी) ३ फूट बाय ४ फूट असा एक फलक लावायचा आहे. गव्हाण पाहायला येणाऱ्यांत आजूबाजूचे हिंदू शेजारी पुष्कळ असतात. 'हा सगळा देखावा कशाचा?' या त्यांच्या प्रश्नाला फलकावरच उत्तर मिळावे आणि आपल्या लोकांनाही ते बरोबर कळावे, एवढाच हेतू. मसुदा असा आहे :

१. देवाने माणसाचे रूप घेतले.
२. येशूच्या देहात देव वास करत होता.
३. तो अर्धा देव आणि अर्धा माणूस होता.
४. ३३ वर्षे माणूस म्हणून राहून तो पुन्हा देव झाला.
५. दुष्टांचा नाश करायला तो आला.
६. म्हणून २५ डिसेंबरला आपण त्याचा जन्मदिवस साजरा करतो.

जाणकारांनी बिनधास्त कात्री चालवावी.

कुपारी बोरू

सहापैकी पाच ओळी पाडाव्या लागतील. वाईट वाटून घेऊ नका. यातल्या बहुतेक चुका पहिल्या सात शतकांत मोठमोठ्या विद्वानांनी आणि बिशपांनीसुद्धा केल्या आहेत, तेव्हा संगत काही हलकी नाही.

ओळ १. 'रूप घेतले' म्हटले की वाचणाऱ्याला सोंग वाटते. येशूचा देह हा नुसता भास होता, असे म्हणणारे पहिल्या शतकाच्या अखेरीसच निघाले होते. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय त्यांनाच उद्देशून आहे : येशू ख्रिस्त देहाने आला हे कबूल करतो, तोच आत्मा देवापासूनचा. अंत्युखियाचा बिशप इग्नाती यानेही दुसऱ्या शतकाच्या आरंभी शिक्षेसाठी रोमकडे नेला जात असताना पत्रांतून हेच ठासून सांगितले : तो खरोखर जन्मला, खरोखर जेवला-प्यायला, खरोखर क्रुसावर खिळला गेला. देह भासमान धरला तर क्रुसावरच्या वेदनाही भासमानच ठरतात, आणि मग तारणही. लूकच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांपुढे भाजलेल्या मासळीचा तुकडा खाऊन दाखवतो, तोही याच शंकेवर. आपल्या किनाऱ्यावर हा पुरावा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ओळ २. ही सर्वांत फसवी, कारण ऐकायला भाविक वाटते. देह माणसाचा पण आत मन-बुद्धीच्या जागी थेट देवाचा शब्द (म्हणजे देव पुत्र), असे लावदिकियाचा अपोलिनारिस शिकवत होता. ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपल परिषदेने (परिषद म्हणजे बिशपांची मोठी सभा) ते नाकारले. नाझियांझचा ग्रेगरी याचा युक्तिवाद आजही पुरेसा आहे : जे त्याने स्वतःत घेतलेच नाही, ते बरेही झाले नाही. आपला खरा बिघाड देहापेक्षा मनात आणि इच्छेत आहे. तेच त्याने घेतले नसेल तर मग घेतले काय? म्हणून लूक २:५२ मध्ये मुलगा येशू ज्ञानाने *वाढतो*, आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याची मानवी इच्छा मरणापुढे कचरते व मग पित्याच्या इच्छेपुढे वाकते. मानवी आणि दैवी अशा दोन्ही इच्छा त्याच्या ठायी होत्या, हे ठरायला ६८०-६८१ ची तिसरी कॉन्स्टंटिनोपल परिषद उजाडावी लागली.

याच ओळीतून दुसरी चूकही निघते : देव एक, येशू नावाचा माणूस दुसरा, आणि दोघांचे सख्य. असे दोन धनी झाले तर मरियेला देवमाता म्हणता येत नाही. ४३१ च्या एफेसस परिषदेत हे बिरुद नाकारणाऱ्या नेस्टोरियसशी वाद झाला तो याच मुद्द्यावर. देवमाता या बिरुदात मरियेचा गौरव आहेच, पण त्याचा खरा रोख तिच्या पोटी आला तो *कोण*, यावर आहे.

ओळ ३. अर्धा-अर्धा म्हणजे कोकमाचा आगळ पाण्यात ओतल्यासारखे झाले : आगळही उरला नाही, पाणीही नाही, तयार झाले सरबत. ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेने (ते गाव आता इस्तंबूलचा काडिकॉय भाग आहे) नेमके हेच नाकारले. पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. एकच व्यक्ती, दोन स्वभाव (इथे स्वभाव म्हणजे देवपण आणि माणूसपण). मिसळ नाही, बदल नाही, फाळणी नाही, फारकत नाही. हे चार 'नाही' पाठ असले की मसुद्यातली चूक आपोआप सापडते.

ओळ ४ साठी वेगळा प्रतिसाद लिहितो, ती सगळ्यांत जास्त ऐकू येणारी आहे.

शिंपला

वाचतोय. मी ख्रिस्ती नाही, दशावतारी नाटकांच्या मुलखातला आहे. अगदी सरळ विचारतो. राम आणि कृष्ण आईच्या पोटी आले, वाढले, दुःख भोगले. वाल्मीकींचा राम तर मी स्वतःला माणूसच समजतो असे म्हणतो. मग तुमच्या सांगण्यात वेगळे काय? 'आमचाच खरा' हे उत्तर नको.

सुरंगी

शिंपलादादा, प्रश्न रास्त आहे आणि फलक वाचणारा निम्मा गाव तोच विचारणार. 'अवतार फक्त देखावा असतात' असे म्हणून हा प्रश्न उडवून लावू नये, तो अभ्यास नव्हे. साम्य खरे आहे : देव दूर बसून राहत नाही, उतरतो. फरक दिसतात ते असे.

एक, संख्या. गीतेत देव युगायुगांत पुन्हा पुन्हा येतो. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात 'एकदाच' यावर सगळा भार आहे. दुसरा येशू होणार नाही. पुन्हा येणार तो तोच.

दोन, देहाचा कस. रामानुजांसारख्या वैष्णव आचार्यांनी अवताराचा देह अप्राकृत, कर्मबंधाबाहेरचा मानला, आणि त्यांच्या दृष्टीने ते देवाचे मोठेपण राखण्यासाठीच होते. ख्रिस्ती श्रद्धा उलट टोक धरते : देह आपल्याच मातीचा, मरियेच्या रक्तामांसाचा. मत्तयच्या पहिल्या अध्यायातली १४-१४ पिढ्यांची तीन गटांतली वंशावळ कंटाळवाणी म्हणून वाचताना गाळतात, ती गाळू नये. तिच्यात तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको ही नावे मुद्दाम आहेत. परक्या, बदनाम, फसवल्या गेलेल्या माणसांसकट हे घराणे त्याने घेतले.

तीन, शेवट. कृष्ण देह ठेवून निजधामाला जातो. येशू देह ठेवत नाही.

चार, हेतू. दुष्टांचे निर्दालन ही ओळ ५ गीतेतून इकडे आली आहे. लूक १९:१० मध्ये तो स्वतः सांगतो की हरवलेल्यांना शोधून तारायला तो आला. तेव्हा फलकावर ते लिहा.

हे फरक आहेत, गुणपत्रक नाही. फलकावर तुलना अजिबात टाकू नका. शेजारी गव्हाण बघायला आलेला असतो, वादाला नाही.

शिंपला

हे पटण्याजोगे सांगितलेत. 'देह ठेवत नाही' हे मात्र अजून उलगडले नाही.

कुपारी बोरू

तीच ओळ ४. '३३ वर्षे माणूस, मग पुन्हा देव' यात दोन घोटाळे आहेत. देव असणे त्याने मध्येच सोडले नव्हते, त्यामुळे 'पुन्हा' देव होण्याचा प्रश्न येत नाही. आणि माणूस असणे त्याने नंतरही सोडले नाही. पुनरुत्थानानंतर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवलेल्या जखमा त्याच देहावरच्या आहेत. स्वर्गारोहणात देह खाली टाकून आत्मा वर गेला असे झाले नाही, माणूसपणासकट तो पित्याकडे गेला. म्हणून या क्षणी त्रैक्यातील (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) दुसरी व्यक्ती माणूस आहे. श्रद्धावंताला याचा रोजचा अर्थ असा की त्याची प्रार्थना ज्याच्याद्वारे पित्याकडे जाते, त्याला भूक, थकवा, मित्राचा दगा आणि मरण हे आतून ठाऊक आहे. इब्री ४:१५ पाहा.

पुरुष-बाया धर्मशिक्षणाला येतात तेव्हा या एका मुद्द्यावर अर्धा तास द्यावा, बाकी परिषदा दहा मिनिटांत उरकल्या तरी चालतील.

माडबन

आम्ही प्रोटेस्टंट. आमच्याकडे गव्हाणीला एवढे महत्त्व नाही, पण वरचा सिद्धांत तंतोतंत तोच आहे. खाल्सेदोन दोघांचे सामाईक. मराठीत हे सांगणे नवे नाही याचीही आठवण असू द्या. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात साष्टीतल्या राचोल येथे छापले गेले. आणि दापोली तालुक्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर अभंगांच्या वळणाने येशूला गात राहिले. तेव्हा फलकाची मराठी परिषदांच्या ठरावांसारखी कोरडी करू नका. क्रियापदे वापरा : जन्मला, भुकेला झाला, थकला, रडला, मेला, उठला. लोक संज्ञा विसरतात, क्रियापदे लक्षात ठेवतात.

खाजणकाठ

पाच ओळी गेल्या, सहावीचे काय? आणि मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत), प्रार्थनेत हे कुठे कुठे दिसते तेही कोणी सांगा. फलकाच्या मागच्या बाजूला आपल्या मुलांसाठी लिहिता येईल.

सुरंगी

सहावी ओळ चूक नाही, अपुरी आहे. देव माणूस झाला तो २५ डिसेंबरला नव्हे. त्या दिवशी तो जन्मला. माणूस झाला तो मरियेने देवदूताला होकार दिला तेव्हा, म्हणजे २५ मार्चचा सण. बरोबर नऊ महिने. हा सण ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात आला तर पुढे ढकलतात. २०२४ मध्ये २५ मार्चला पवित्र सोमवार होता म्हणून तो ८ एप्रिलला झाला. मुलांना हे कळले की गर्भातल्या जिवाबद्दल चर्च एवढे आग्रही का, ते वेगळे शिकवावे लागत नाही.

आता कुठे दिसते ते.

विश्वासांगीकार (सगळे मिळून म्हणतात ती श्रद्धेची कबुली) म्हणताना पवित्र आत्म्याच्या योगे देहधारण केल्याच्या आणि माणूस झाल्याच्या शब्दांना सगळ्यांनी कमरेतून वाकायचे असते. नाताळ आणि २५ मार्च या दोन सणांना तिथे गुडघा टेकायचा. होते काय, की पुढचा म्हणणारा घाईत असतो, लोक वाकेपर्यंत येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पंत पिलाताचे नाव येऊन जाते आणि निम्मे लोक पिलातालाच नमस्कार करतात! उपाय सोपा : म्हणणाऱ्याने त्या ओळीआधी एक श्वास थांबावे, आणि नाताळच्या रात्री आधीच सूचना द्यावी. गच्च भरलेल्या बाकांत गुडघा टेकायला वेळ लागतो.

आंजेलस (देवदूताच्या निरोपाची प्रार्थना) : सकाळी, दुपारी १२ ला, संध्याकाळी. तीन वचने, प्रत्येकामागे एक नमो मरिया, शेवटी प्रार्थना. घंटेचे ठोके ३-३-३ आणि मग ९. तिसरे वचन शब्द देह झाल्याचे, तिथे गुडघा. पास्खापासून (ईस्टर) सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टपर्यंत हिच्या जागी स्वर्गराणीची प्रार्थना म्हणतात. स्वयंचलित घंटा लावलेल्या ठिकाणी ठोके सलग १८ पडतात आणि प्रार्थनेला जागाच उरत नाही. दोन गटांत नमो मरिया म्हणून होईल एवढे अंतर यंत्रात ठेवून घ्यावे.

कुपारी बोरू

द्राक्षरसात पाणी घालण्याचा विधी राहिला. वेदीवर प्याल्यात धर्मगुरू पाण्याचे थेंब टाकतात तेव्हा हळू आवाजात प्रार्थना असते : जो आमच्या मानवपणात सहभागी झाला त्याच्या देवपणात आम्हाला वाटा मिळो. अथानासियसने चौथ्या शतकात लिहिलेलेच हे, की आपण देवासारखे व्हावे म्हणून तो माणूस झाला. देहधारणाचा *परिणाम* काय, हे एवढ्या थेंबात आहे. पाणी थोडेच हवे, असे कॅथलिक चर्चच्या कायद्यातच (कलम ९२४) आहे. सेवेकरी मुले झारी उपडी करतात. पाणी फार झाले तर तो द्राक्षरस उरला का हाच प्रश्न उभा राहतो. लहान चमचा ठेवावा.

एक इशारा. हा थेंब येशूचे दोन स्वभाव समजावायला वापरू नका. थेंब द्राक्षरसात विरून जातो, आणि माणूसपण देवपणात विरले ही तर वर नाकारलेली चूक. तो थेंब आपण आहोत.

पेंढा

कलम ९२४ निघालेच आहे तर कोकणात नेहमी येणारा प्रश्न : आपले अन्न तांदूळ, मग मिस्सेला तांदळाची भाकरी का नको? त्याच कलमात भाकर निव्वळ गव्हाची असावी असे आहे. कारण देव 'सर्वसाधारण माणूस' झाला नाही. एका काळात, एका गावात, गहू खाणाऱ्या यहुदी घरात जन्मलेला माणूस झाला, आणि शेवटच्या भोजनात त्याने जे हातात घेतले तेच आपण घेतो. कुणाला हे उत्तर अपुरे वाटेल. तांदूळ पिकवणाऱ्या मुलखांतल्या चर्चमध्ये वाद घालणारे अभ्यासकही झाले आहेत. पण आज नियम हाच. गव्हाचा त्रास असणाऱ्यांना कमी ग्लूटेनच्या हॉस्टिया (मिस्सेतल्या भाकरीच्या पातळ चकत्या) चालतात, ग्लूटेन पूर्ण काढलेल्या चालत नाहीत. आणि आपल्या दमट हवेत हॉस्टिया नरम पडतात, बुरशी धरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात थोड्या थोड्या आणाव्या, पावसाळ्यात तर नक्कीच.

दुसरा किनाऱ्यावरचा प्रश्न अस्थींचा. १९६३ पासून दहनाला मुभा आहे, पण २०१६ च्या रोमच्या सूचनेनुसार राख समुद्रात किंवा वाऱ्यावर विखुरता येत नाही, घरीही ठेवता येत नाही. दफनभूमीत किंवा पवित्र जागी ठेवायची. शेजारधर्माने अनेकांना समुद्रविसर्जन ओळखीचे वाटते, म्हणून घरच्यांना हे आधीच सांगावे, अंत्यविधीच्या दिवशी नव्हे. मूळ तेच आहे : देवाने देह कायमचा स्वीकारला, म्हणून मेलेल्या देहालाही पत्ता असतो.

आता गव्हाण, माझा प्रांत.

१२२३ मध्ये संत फ्रान्सिसने ग्रेच्चोला गवत, बैल आणि गाढव आणून गव्हाण मांडली आणि तिथे मिस्सा झाली. बैल-गाढव शुभवर्तमानात नाहीत, यशया १:३ मधून आले, राहू द्या. पण बाळ येशू २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवू नका, आणि मागी लोकांना (पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांना) पहिल्या दिवसापासून गुडघ्यावर बसवू नका. त्यांना देखाव्याच्या टोकाला ठेवून प्रकटीकरणाच्या रविवारी (त्यांच्या भेटीच्या सणाला) आत आणा. मत्तय त्यांची संख्याही देत नाही, तीन भेटींवरून तीन धरले.

कापसाचा बर्फ कृपा करून नको. नाळे-निर्मळच्या हवेत बर्फ कसला! शिवाय भाताचा पेंढा, कापूस आणि दिव्यांच्या माळा एकत्र म्हणजे आगीला आवतण. पेंढा आदल्या दिवशी आणू नका, आठवडाभर उन्हात वाळवून झाडून घ्या, नाहीतर आतल्या ओलीने कुबट वास येतो. माळेचे सांधे पेंढ्यात पुरू नयेत. खाऱ्या हवेने पिना गंजतात आणि गरम होतात, ठिणगी तिथेच पडते.

हिरवळीसाठी नाचणी : रात्रभर भिजवा, १२ ते १४ डिसेंबरला ताटलीभर ओल्या मातीवर मूठभर पसरा, वर मातीची पातळ चाळणी. पाणी ओतायचे नाही, शिंपडायचे. दहा दिवसांत दोन-तीन इंच येते. अंधारात ठेवली तर पिवळी पडून लोळते, दाट पेरून झाकली तर बुरशी.

खाजणकाठ

सगळ्यांचे आभार. नवा मजकूर :

'देवाचा पुत्र मरियेच्या पोटी माणूस झाला. त्याचे देवपण उणे झाले नाही, त्याचे माणूसपण खोटे नव्हते. तो भुकेला झाला, थकला, मित्रासाठी रडला. त्याने हातांनी काम केले. तो मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी देहानिशी उठला. तो आजही देव आहे आणि माणूसही. हरवलेल्यांना शोधायला तो आला.'

माडबन

छान. एक भर : 'पापाखेरीज सर्व बाबतींत आपल्यासारखा'. ते नसेल तर कुणी विचारेल, मग तो आमच्यासारखा खोटेही बोलला का?

शिंपला

बाहेरून वाचणारा म्हणून सांगतो. 'देवाचा पुत्र' म्हटले की मला वाटते, देवाने नंतर केव्हातरी निर्माण केलेला कुणी धाकटा देव.

कुपारी बोरू

शिंपलाभाऊ, तुम्ही चौथ्या शतकातल्या एरियस या धर्मगुरूचा मुद्दा मांडलात, आणि आम्हा कुणाला तो दिसला नव्हता. पुत्र निर्माण केलेला आहे असे एरियस म्हणत होता; ३२५ च्या निकेया परिषदेने ठरवले की तो उत्पन्न केलेला नाही, पित्यापासून जन्मलेला आणि पित्याशी एकतत्त्व आहे. पहिली ओळ अशी करा : 'पित्याबरोबर अनादि असलेला देव पुत्र, मरियेच्या पोटी खरा माणूस झाला.'

पेंढा

छपाईचे : दहा फुटांवरून आरामात वाचायचे तर अक्षर एक इंच उंच हवे, आणि ओळींतले अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. एवढा मजकूर ३ बाय ४ च्या आडव्या फलकात बसतो. चकचकीत नको, हॅलोजनखाली काही दिसत नाही. मंद पृष्ठाचा घ्या. लोखंडी कड्यांऐवजी नायलॉनची दोरी. फलक रांगेच्या शेवटाला लावा. सुरुवातीला लावला तर लोक वाचत थांबतात आणि रांग फाटकाबाहेर जाते. आणि छापायला देण्याआधी फादरांना दाखवा, शुद्धलेखनासकट.

खाजणकाठ

मंदच घेतो. माडबन यांची ओळ 'रडला' नंतर टाकली आहे, पहिली ओळ बोरूदादांची. उद्या फादरांकडे जातो. मागच्या बाजूसाठी आंजेलस आणि २५ मार्च एवढेच ठेवतो, अस्थींचे सूचनाफलकावर वेगळे लावू.